मटणात साखर कुठं असते?

शुगर निघालेला माणूस आधी चहातली साखर बंद करतो, मग भात सोडतो, आंबा दिसला की मान फिरवतो आणि शेवटी तर्रीच्या पातेल्याशेजारी निवांत मांडी घालून बसतो. कुणी हटकलंच तर उत्तर तयार असतं, "मटणात साखर कुठं असते?" हे वाक्य मी आमच्या बाजारात शंभरदा ऐकलंय आणि त्यातलं निम्म्या वेळा बोलणारा मीच होतो.

मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम आहे. सकाळी आवक लिहायची, पोटलीचा सौदा झाला की भाव टिपायचे, शेतकऱ्यांच्या पट्ट्या करायच्या, संध्याकाळी रोजमेळ जुळवायचा. पोती उचलणारे वेगळे, तोलणारे वेगळे, मी गादीवर बसून आकडे ओढणारा. अंगानं किडकिडीत. पोट तेवढं पुढं आलेलं, पण शर्ट बाहेर सोडला की तेही दिसत नाही. त्यामुळं ४५ व्या वर्षी रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ६.९ निघाली तेव्हा घरात कुणाला खरं वाटेना. डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची ५०० ची गोळी सकाळ-संध्याकाळ लावली, गोड बंद करायला सांगितलं, चालायला सांगितलं. गोळी घेतली, गोड सोडलं. चालायचं राहून गेलं.

दोन वर्षं असंच ठीकठाक चाललं. मग गेल्या उन्हाळ्यात मेव्हण्यांकडची कंदुरी आली.

औशाकडच्या बाजूला त्यांचं गाव आहे. नवस जुना होता, बोकडं दोन. ज्यांनी कंदुरी बघितली नाही त्यांना सांगतो, हे काम सगळं गड्यांचं. शेतात चुलवण खणलेलं, त्यावर पातेली, काळा मसाला कुटून आणलेला, आणि अंधार पडायला लागला की रश्श्यावर बोटभर लाल तेल तरंगायला लागतं. त्यात बोकडाची चरबी आणि मसाल्याला घातलेलं तेल दोन्ही असतं. वाढपी पोरगं बादली घेऊन पंगतीत आलं की जाणता माणूस ओरडतो, "वरचं वाढ रे, वरचं!" खालचं पाणी कुणाला नको असतं. मीही वरचंच मागितलं. ज्वारीच्या चार भाकरी कुस्करल्या, त्यावर तीनदा तर्री घेतली. भात पुढं आला तर हात आडवा केला. शुगरवाला माणूस ना मी.

माझ्या शेजारी मेव्हणे बसले होते. ते सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन घेतात. पंगत आता बसते, मग बसते असं होत गेलं आणि त्यांनी आठलाच सुई टोचून घेतली. ताट आलं नऊला. तासाभरानं पाहतो तर त्यांच्या कपाळावर घाम, हात थरथरतोय, बोलणं जरा अडखळतंय. माझं शुगर मोजायचं मशीन पिशवीत होतं. लावलं तर ५८. पोटभर जेवलेल्या माणसाची ५८! कुणीतरी पळत जाऊन साखर आणली, पाण्यात कालवून पाजली, वीस मिनिटांनी ते माणसात आले. सगळ्यांनी ठरवून टाकलं की इंजेक्शन जास्त झालं.

मी त्याच मशीनवर अकराला माझीही बघितली. जेवणाआधी १२१ होती, दोन तासांनी १५८. मी ते मशीन सगळ्यांना फिरवून दाखवलं. "बघा, चार भाकरी खाऊन १५८. मटणात साखर कुठं असते?" आणि त्याच आनंदात पातेल्याच्या तळातलं सुकं घेऊन परत बसलो.

रात्री पावणेदोनला जाग आली ती तहानेनं. तांब्यातलं पाणी संपवलं, लघवीला जाऊन आलो, परत तहान. सहज म्हणून मशीन लावलं, २३१. वाटलं, बोटाला काहीतरी लागलं असेल. हात साबणानं धुऊन पुसला, दुसऱ्या बोटाला टोचलं, २२६. तोवर बाहेर मेव्हणेही उठून बसले होते. त्यांची ३२४ निघाली. साडेतीन तासांपूर्वी ज्याला साखर पाजली होती, त्या माणसाची ३२४. थोडी त्या पाजलेल्या साखरेची असेल, पण सगळी तिची नव्हती हे तेव्हाही जाणवत होतं.

सकाळी उठल्यावर माझी १७२ होती. सहा तासांत पोटात अन्नाचा कण गेला नव्हता.

त्याच दिवशी माझी वार्षिक तपासणी ठरलेली होती. गावाहून थेट लॅबला गेलो, आठ वाजता रक्त दिलं आणि बाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळानं तिथल्या मुलानं आत बोलावलं. फिरवून झालेली नळी त्यानं उजेडाकडं धरली. एरवी रक्त खाली बसतं आणि वरचं पाणी करडईच्या तेलासारखं पिवळं, आरपार दिसणारं असतं. शेजारची कुणाची तरी नळी तशीच होती. माझ्या नळीत वर ताकाची निवळी असावी तसं गढूळ पांढुरकं काहीतरी होतं, त्यातून पलीकडचं बोट दिसत नव्हतं.

"काका, काल काय खाल्लं होतं?"

मी खरं ते सांगितलं. तो हसला, म्हणाला, ह्याच्यावर बाकी तपासण्या नीट होणार नाहीत, बारा तास उपाशी राहून परत या. मी मात्र त्या नळीकडं बघत राहिलो. तर्री पोटात जाते एवढं माहीत होतं. ती अशी रक्तात येऊन तरंगते हे डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरांपुढं मी आकडे लिहिलेला कागद ठेवला. मुनिमाची सवय, वेळ-तारखेसकट लिहिले होते. त्यांनी कागद वाचला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मुनीमजी, दोन तासांनंतर बघून तुम्ही थांबलात का?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मला बाजाराच्याच भाषेत समजलं, म्हणून तसंच सांगतो.

दसरा-दिवाळीला सोयाबीनची आवक येते तेव्हा यार्डाच्या गेटबाहेर गाड्यांची रांग लागते. आत येणारी गाडी मोजायची तर गेटवर किती सोडल्या हे आधी बघावं लागतं. पोटाचं आतड्याकडचं तोंड म्हणजे ते गेट. जेवणात चरबी भरपूर असली की आतडं पोटाला निरोप धाडतं, हळू सोड, आणि गेट अर्धं लागतं. भाकरीतला पिष्टमय भाग पोटातच अडकून राहतो. दोन तासांनी रक्तातली साखर मोजली तर कमी दिसते, कारण माल अजून गेटबाहेर उभा आहे. मी ज्या १५८ चा डंका पिटला होता तो हिशेब अर्ध्या आवकेचा होता. मेव्हण्यांचं तेच झालं, उलट्या बाजूनं. त्यांचं इंजेक्शन वेळेवर कामाला लागलं, पण माल आलाच नव्हता. एक तर ताट उशिरा आलं आणि आलं ते तर्रीनं गेट लावून. हमाल आले आणि उचलायला पोतंच नाही, म्हणून ५८. रात्री गाड्या आत आल्या तोवर हमाल परतायला लागले होते, म्हणून ३२४.

इथवर कळलं. पण मग सकाळी उपाशीपोटी १७२ कशी?

ती दुसरी गोष्ट आहे आणि माझ्या मते हीच महत्त्वाची. इन्सुलिनचं काम रक्तातली साखर स्नायूंच्या गोदामात नेऊन ठेवायचं. रक्तात चरबीची आम्लं दाटली की स्नायू तीच जाळायला घेतात आणि साखरेला दार उघडायला कुरकुर करतात. १९६३ साली फिलिप रँडल या ब्रिटिश शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही ओढाताण मांडली, की शरीर एका वेळी दोन्ही इंधनं सारख्या जोरानं जाळत नाही, एक वाढलं की दुसरं मागं पडतं. पुढच्या संशोधनात आणखी एक कळलं, की स्नायूच्या पेशीत साठलेले चरबीचे तुकडे इन्सुलिनचा निरोपच आतवर पोचू देत नाहीत. इन्सुलिन दार वाजवतं, आत ऐकू जात नाही. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन पाठवतं. जिथं चार हमालांत भागायचं तिथं आठ लावायचे, मजुरी दुप्पट, काम तेवढंच.

आणि लिव्हर. रात्री आपण झोपलेले असताना मेंदूला लागणारी साखर लिव्हर आपल्या साठ्यातून काढून देत असतं. जेवण झालेलं असलं की इन्सुलिन त्याला सांगतं, आता पुरे, तुझा माल बाहेर काढू नको. चरबीनं माखलेलं लिव्हर हा हुकूम पाळत नाही. बाहेरून गाड्या येतायत आणि घरचं गोदामही उघडं. सकाळची १७२ ही त्याची होती. माझ्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर ग्रेड १' असं दोन वर्षांपूर्वीच लिहिलेलं होतं. मी ते 'सगळ्यांचंच असतं' म्हणून सोडून दिलेलं.

घरी आल्यावर हे सगळं मी मुलीला सांगितलं. ती नीटची तयारी करते. लातुरात दुसऱ्या-तिसऱ्या घरात कुणीतरी नीटची तयारी करतंच. तिनं मान हलवली, तिच्या पुस्तकात इन्सुलिन होतं, तर्री नव्हती. पण तिनं डॉक्टरांनी सांगितलेला एक प्रयोग नेटवर शोधून काढला आणि मला वाचून दाखवला. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या मधुमेह संशोधन केंद्रातला, २०१७ मध्ये छापून आलेला. १४ तरुण, सडपातळ, निरोगी पुरुष. त्यांना एकदाच पामतेलाचं पेय पाजलं आणि पुढचे काही तास इन्सुलिन कसं काम करतं ते मोजलं. एकूण शरीरात इन्सुलिनचा परिणाम सुमारे २५ टक्क्यांनी घटला, लिव्हरमध्ये १५ टक्क्यांनी. एका पेयात, आणि तेही ज्यांना काहीच आजार नाही अशा पोरांत.

"पप्पा, ते निरोगी होते," ती म्हणाली. पुढचं बोलली नाही.

दुसरा एक अभ्यास अमेरिकेत बॉस्टनचा, २०१३ चा. टाइप १ चे रुग्ण, म्हणजे ज्यांचं स्वतःचं इन्सुलिन बनतच नाही. त्यांना दोन वेगवेगळ्या रात्री जेवण दिलं. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं दोन्ही रात्री सारखी. चरबी मात्र एका रात्री १० ग्रॅम, दुसऱ्या रात्री ६० ग्रॅम. ६० ग्रॅमच्या रात्री सरासरी ४२ टक्के जास्त इन्सुलिन लागलं आणि तरीही साखर चढीच राहिली. रुग्ण सातच होते, पण मला हा आकडा फार बोलका वाटला, कारण तिथं साखर वाढवली नव्हती, फक्त तूप-तेल वाढवलं होतं. मटणात साखर नसते, कबूल. पण साखर उचलणाऱ्याचे हात मटणाची तर्री बांधून ठेवते.

तरी माझ्यातला मुनीम ऐकेना. जर्मन पोरांचं ठीक आहे, माझं काय? कंदुरीत चार भाकरी होत्या, दोनदा जेवण होतं, जागरण होतं, मटणाची प्रथिनं होती. नेमकं कुणाचं देणं कुणाच्या नावावर पडलं हे कळत नव्हतं. म्हणून डॉक्टरांना विचारून घरीच चार संध्याकाळी करून बघितलं.

जेवण एकच. प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकरी, दर वेळी तेवढ्याच बेसनाचं पिठलं. वेळ साडेसात. नंतर चहा नाही, शतपावली नाही, रात्री काही खाणं नाही. दोन संध्याकाळी पिठल्यात पोह्याचा एक चमचा तेल. दोन संध्याकाळी मोठे चार चमचे, म्हणजे साधारण ५५ ग्रॅम, ५०० कॅलरीच्या आसपास नुसत्या तेलाच्या. बायकोनं काटा बघितला, तेल बघितलं आणि म्हणाली, "काय करूलालाव ओ हे? शुगर घालवूलालाव का वाढवूलालाव?" तिला म्हटलं, हिशेब लावतोय. तिनं कपाळाला हात लावला, पण पिठलं केलं. चार चमच्यांचं पिठलं मात्र खरंच चवदार झालं होतं, हे लिहून ठेवलं पाहिजे.

कमी तेलाच्या पहिल्या संध्याकाळी जेवणाआधी ११६, दोन तासांनी १७४, चार तासांनी १२८, सकाळी ११७. दुसऱ्या संध्याकाळी १२१, १६८, १३१, १२०. जास्त तेलाच्या पहिल्या संध्याकाळी ११९, १४६, १८७, सकाळी १४३. दुसऱ्या वेळी ११४, १५१, १७९, १३८.

जरा थांबून हे आकडे परत बघा. दोन तासांनी तेलकट जेवणाची शुगर कमी आहे! जो माणूस फक्त जेवणानंतरच्या दोन तासांची शुगर बघतो, त्याला चार चमचे तेलाचं पिठलं एका चमच्याच्या पिठल्यापेक्षा चांगलं वाटणार. मी दोन वर्षं ह्याच पट्टीवर स्वतःला पास करत आलो होतो. आमच्याकडं शेतकऱ्याला मिळते ती पण पट्टी आणि मशीनमध्ये घालतो ती पण पट्टी. दोन्हीत खालची ओळ न वाचता घडी घातली की फसगत होते.

डॉक्टरांनी कागद पाहिला, हसले, आणि पहिल्यांदा मला जमिनीवर आणलं. घरगुती मशीनच्या आकड्यात १५ टक्के इकडं-तिकडं चालतं असं धरलेलंच असतं, चार संध्याकाळ म्हणजे काही सिद्धता नाही, आणि हे सगळ्यांनी करत बसावं असंही नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नाहीच. मेव्हण्यांना त्यांनी आपल्या मनानं डोस मागं-पुढं करायला सक्त मनाई केली आणि त्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. पण उतार-चढावाची तऱ्हा त्यांना पटली. म्हणाले, आता उपाशीपोटीचं इन्सुलिन बघू.

ही तपासणी मी आधी कधी केली नव्हती. आपण साखर किती ते मोजतो. ती साखर जागेवर ठेवायला स्वादुपिंडाला किती राबावं लागतंय ते मोजत नाही. माझी उपाशीपोटीची साखर त्या दिवशी १३२ आणि इन्सुलिन १९.४. दोन्हींचा गुणाकार करून ४०५ नं भागायचं. ही रीत १९८५ साली ऑक्सफर्डमध्ये बसवली गेली, तिला होमा म्हणतात. मी तिथंच डॉक्टरांच्या टेबलावर भागाकार केला, ६.३. साधारण २.५ च्या वर गेलं की इन्सुलिनला दाद मिळत नाही असं धरतात, असं ते म्हणाले. म्हणजे माझ्या आडतीवर इन्सुलिन कमी नव्हतंच. हमालांची गर्दी होती आणि पोती तरी पडून होती. असंच चालत राहिलं तर हमाल एक दिवस थकून बसतात, आणि मग सुई.

"पण मी जाडा कुठं आहे?" मी विचारलं. त्यावर त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं नाव घेतलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा एक फोटो छापून आला होता, ते स्वतः आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काट्यावर सारखी दोन पोती, आत माल वेगळा. आपल्याकडची बरीच माणसं अशी बाहेरून बारीक, आतून चरबीची असतात. मी घरी येऊन आरशात पोटाकडं बघितलं आणि त्या दिवसापासून शर्ट आत खोचायला लागलो.

मग तेलाचा हिशेब काढला. आमच्या घरात चार माणसं, १५ लिटरचा डबा अडीच महिन्यांत संपायचा. ७५ दिवस, चार तोंडं, माणशी रोज ५० मिली, वजनात ४६ ग्रॅम. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला वरून घातलेलं तेल-तूप दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास पुरे, असं पोषणवाले सांगतात. मी हे आकडे बायकोपुढं ठेवले. जरा गुर्मीतच ठेवले. ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "आणि बाजारात सकाळी निलंगा राईस खाता, चारला भजे खाता, त्या तेलाचा डबा कुणाच्या खात्यावर?"

ह्याला उत्तर नव्हतं. मी पुढचा महिनाभर वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर रोजचं खाणं लिहिलं. ३० पैकी १७ दिवशी रात्रीच्या जेवणात तळलेलं किंवा तर्रीचं काहीतरी होतं. कंदुरी एकच, पण लग्नं चार, रविवारचं मटण चार वेळा, आडतीवर सौदा चांगला झाला म्हणून भज्यांच्या पुड्या, ढाब्यावरची शेवभाजी. माळकरी मंडळींनी इथं खूश होऊ नये. मटणाचं नाव निघालं म्हणून त्यांना सुटका नाही. आखाड तळायला घेतला की कापण्या, तिखटाच्या पुऱ्या, भजे आठ-आठ दिवस डब्यात असतात, त्यात तर भाकरीची जागा कणीक घेते आणि तेल तेवढंच. एका रात्रीच्या तेलाचा परिणाम उतरतो. डॉक्टर म्हणाले, निरोगी माणसाचं यंत्र परत जागेवर येतं. माझ्या महिन्यात उतरायला मोकळा दिवसच राहत नव्हता.

त्यानंतरचं फारसं सांगण्यासारखं नाही. तेलाच्या बुधल्याऐवजी चमचा आला. मटण रविवारी महिन्यातून दोनदा, रस्सा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी वरचा गोठलेला थर चमच्यानं काढून टाकायचा. पहिल्यांदा काढला तेव्हा वाटीभर निघाला, पिवळट पांढरा, मेणासारखा. तो थर मी काही वेळ हातात धरून बघत होतो. कंदुरीत 'वरचं वाढ' म्हणून मागितलेलं ते हेच.

आणि चालणं. जेवण झाल्यावर वीस मिनिटं. ह्याचं कारण मुलीनं समजावलं आणि मला ते आवडलं. स्नायू हलायला लागले की इन्सुलिननं दार वाजवायची वाट न बघता साखर आत ओढून घेतात. म्हणजे गोदामाचा मालक स्वतःच पोती उचलायला लागतो. दुपारचं जेवण बाजारात होतं, म्हणून मी गोदामांच्या गल्लीत थप्प्यांच्या सावलीनं फिरतो. पहिले आठ दिवस हमाल विचारायचे, "मुनीमजी, काय हरवलंय?"

सहा महिन्यांनी उपाशीपोटी १०८, इन्सुलिन ११.२. भागाकार २.९९. वजन तीनच किलो उतरलंय, पट्ट्याचं भोक मात्र दोन घरं आत आलंय. गोळी आहे तशीच आहे. ती कमी करायची का, हा विषय मी काढला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी सहा महिने बघू. घरचा तेलाचा डबा यावेळी सव्वाचार महिने गेला. बायकोनं त्यावर खडूनं आणल्याची तारीख लिहिली होती, ती मीच पुसून नवी लिहिली.

मेव्हण्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्या इंजेक्शनच्या वेळा बदलून दिल्या आणि ताट समोर आल्याशिवाय सुई घ्यायची नाही असं बजावलं. ह्या वर्षी त्यांच्या भावकीत परत कंदुरी होती. दोघंही गेलो. वाढपी तेच पोरगं, वर्षभरात मिसरूड फुटलेलं. बादली घेऊन माझ्यापाशी आलं आणि सवयीनं पळी वरच्या वर फिरवायला लागलं.

"तळातनं वाढ रे," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्याच्या घरचा अपमान केला. मग पळी खाली घातली, दोन फोडी आणि पाणचट रस्सा ताटात टाकला आणि पुढं सरकताना पलीकडच्याला म्हणालं, "आजारी हाय वाटतं मुनीम."

रात्री एकला मेव्हण्यांनी अंगणात येऊन मला उठवलं. हातात मशीन होतं. "चार तास झाले," ते म्हणाले, "आधी तुमची बघू."